डावा स्पीकर चार बोटं पुढे

मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या घरात मेथी निवडत बसले होते. "ताई, तुमचे भाऊ गेले," वहिनी म्हणाल्या. आणि मी विचारलं, "कुठे गेले?" खरंच विचारलं. नाना एका जागी कधी सापडायचाच नाही. कुणाची मोटर जळाली की तो निघाला बोदवडला, निघाला भडगावला. वहिनी म्हणाल्या, "वर्कशॉपमध्ये... खुर्चीतच." मेथीची जुडी तशीच हातात राहिली. हे लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो नानाचा नव्हता, वहिनींचाही नव्हता. आता रविवारी मी कुठे जाऊ, हा होता.

नाना माझा सख्खा मोठा भाऊ. धुळ्यात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप. विहिरीतली, बोअरमधली मोटर जळाली की शेतकरी ती खांद्यावर घालून त्याच्याकडे आणायचे, आणि तो जळकी तार उपसून नवी तार भरून द्यायचा. चाळीस वर्षं त्यानं तेच केलं. लहानपणी आम्ही पांझरा नदीच्या वाळूत दोरीला बांधलेला चुंबक ओढत फिरायचो. वर काढला की त्याला काळ्या भुकटीची मिशी आलेली असायची. मी ती झटकून टाकायची. नाना ती कागदाच्या पुडीत भरून ठेवायचा. कशाला रे, म्हटलं की म्हणायचा, "पाहू ना." त्या दोन शब्दांवर त्याचं आयुष्य गेलं.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यानं ते स्पीकर घरी आणले. नाशिकच्या एका डॉक्टरांकडचे जुने, त्यातल्या एकाचा पडदा बंद पडलेला. फैजपूरच्या एका केळीवाल्या गिऱ्हाईकाची पिकअप रिकामी परत येत होती. तिच्यात केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून ते धुळ्याला आले. मी त्या दिवशी तिथेच होते. पानं सोडवली आणि आत निघाले दोन उंच, सपाट, शाळेतल्यासारखे काळे फळे, खाली प्रत्येकी एक डबा. वहिनींनी पदर कमरेला खोचला आणि विचारलं, "हे काय, कपाटाची दारं आणली? कपाट कुठंय?"

नानानं मला समजावलं ते आजही लख्ख आठवतं. वरच्या फळ्यात प्लास्टिकचा एक पडदा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्यावर ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्ट्या नागमोडी चिकटवलेल्या, आणि दोन्ही बाजूंना चुंबकांच्या ओळी. पट्ट्यांतून गाण्याची वीज गेली की अख्खा पडदा एकदम पुढे-मागे हलतो. "हाई मोटरच शे, निमे, फक्त लाटेल शे," तो मला आमच्या अहिराणीत म्हणाला. मोटरही तार आणि चुंबक, हेही तार आणि चुंबक; एक गोल गोळा, दुसरी लाटलेली पोळी. पण पोळीला जोर कमी. ढोलाचा, डग्ग्याचा घुमारा तिला पेलत नाही. म्हणून खालच्या डब्यात नेहमीचा कागदी स्पीकर बसवलेला. म्हणजे वर एक जात, खाली दुसरी, आणि दोघांचा संसार एकाच खांबावर. बंद पडदा त्यानं तीन महिने खपून दुरुस्त केला. वर्कशॉपच्या कपड्यांनिशी त्या खोलीत पाऊल टाकायला त्यानं स्वतःलाच बंदी घातली होती, कारण लोखंडाचा कीस नि आपल्या काळ्या मातीतली भुकटी चुंबकाला जाऊन चिकटते, आणि मग पडदा चरचरतो. "देवघरात नाही एवढं सोवळं," वहिनी म्हणायच्या.

खरं भांडण पुढे झालं. हे स्पीकर पुढे जेवढे वाजतात तेवढेच मागेही वाजतात. भिंतीला टेकवून ठेवले की मागचा आवाज लगेच उलटून पुढच्यावर आदळतो आणि सगळी खिचडी होते. म्हणून ते भिंतीपासून चांगले चार-पाच फूट पुढे हवेत. म्हणजे कुठे? तर बैठकीच्या खोलीच्या ऐन मध्यात! पाहुणे आले की त्यांना दोन्ही फळ्यांच्या मधून अंग चोरून आत यावं लागे. एकदा नानानं मागच्या भिंतीवर गोधडी टांगली; वाटलं, मागचा आवाज मारून टाकला की स्पीकर भिंतीशी सरकवता येतील. सरकवले, तर गाणं पडद्याला चिकटून बसलं, त्यात खोलपणाच उरला नाही. गोधडी उतरली, स्पीकर परत मध्यात आले. वहिनींनी महिनाभर धुसफूस केली आणि मग स्वतःच दिवाण दुसऱ्या भिंतीला लावून घेतला.

आणि इथे माझा नंबर लागला. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, निवृत्त होईपर्यंत. कानाला यंत्र लावून दिवसभर खरखरीतून माणसांचे आवाज वेचायचं काम. ओळखीचं माणूस 'हॅलो' म्हणाल्याबरोबर मी ओळखायची. माझ्या कानाचा मला गर्व होता, आणि नानाला त्याहून जास्त. "बठ्ठा धुयामा असा कान नही," अख्ख्या धुळ्यात असा कान नाही, असं तो कुणालाही सांगायचा. त्यामुळे एक रविवार सोडून एक रविवार मी सकाळच्या बसनं पारोळ्यावरून धुळ्याला जायची. वहिनींच्या हातचं शेवभाजीचं जेवण झालं की नाना मला खुर्चीत बसवायचा आणि स्वतः स्पीकरमागे उकिडवा बसायचा.

"डोया मीट. आवाज कोठे शे?"

"थोडा उजवीकडं."

सर्र... फरशीवरून स्पीकर सरकल्याचा आवाज. "आते?"

"मध्ये आला. पण बाई फार जवळ उभी आहे रे, अंगावर येते."

मग तो दोन्ही फळे किंचित बाहेर वळवायचा. या पडद्यांचा आवाज टॉर्चसारखा सरळ जातो. तोंड कुठे वळवलं यावर सगळं असतं. तबल्याची तबकडी लावून विचारायचा, डग्गा खालच्या डब्यातून येतो आणि चाट वरच्या पडद्यातून, पण दोन्ही हात एकाच माणसाचे वाटतात का? वाटत नसतील तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. माझी पाठ अवघडायची, मी करवादायची, "अरे नाना, लग्नाची मुलगी पाहताना इतकं पाहिलं नव्हतंस." आतून वहिनी म्हणायच्या, "ऐकलं बरं का मी." पण साधलं की... काय सांगू! दोन्ही स्पीकर खोलीतून नाहीसे व्हायचे. फळे डोळ्यांसमोर असायचे, पण त्यांच्यात आवाज नसायचा. आवाज असायचा दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर. तिथे एक बाई उभी राहून गायची, आणि तिच्या मागे जरा लांब सारंगीवाला. नाना माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. गाण्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी माझा डावा कान जायला लागला. आधी वाटलं मळ असेल. जळगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, नस कमजोर होत चालली आहे, मशीन लावा. मी चिठ्ठी घेतली आणि पर्समध्ये कोंबली. ऑपरेटरबाईच्या कानात मशीन! झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गर्व हे खरं कारण नव्हतं, आज सांगते. खरं कारण रविवार होता. आमचे हे गेले तेव्हापासून त्या दोन रविवारांवरच माझा महिना उभा होता. नानाला कळलं की माझा कान गेला, तर तो कशाला बोलवील मला? दुसरा कुणी कान शोधील. त्याच्या घरात माझं काम तेवढंच, अशी माझी समजूत. भावाच्या घरी बहिणीला काम लागत नाही, हे साठी उलटलेल्या बाईला कळू नये!

तर मी खोटं बोलायला लागले. ती गाणारी बाई हळूहळू उजवीकडे सरकत होती, जवळजवळ उजव्या फळ्यात शिरली होती, आणि मी डोळे मिटून म्हणायची, "मधोमध, नाना." तो म्हणायचा, "नक्की?" मी म्हणायची, "तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं." असे चार-पाच रविवार गेले. प्रत्येक वेळी परतीच्या बसमध्ये मला वाटायचं, आज त्याला संशय आला.

आणि मग एका रविवारी चमत्कार झाला. मी खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि बाई मध्ये उभी! अगदी मध्ये नाही, पण मध्येच म्हणावी अशी. मी इतकी हरखले की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, कान सुधारला. डॉक्टर काय, उठसूट मशीन विकतात! घरी येऊन चिठ्ठी फाडून टाकली. पुढे दोन वर्षं दर खेपेला तसंच. घरी टीव्ही डाव्या बाजूला असला तर ऐकू येत नसे, शेजारीण जिन्यात हाक मारून दमत असे, पण नानाच्या खोलीत मी पूर्वीची ऑपरेटर होते. यात काही गफलत आहे हे मला कळायला हवं होतं. माणसाला जे हवं ते मिळालं की तो चौकशी करत नाही.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. दिवसकार्यात लोकांना बसायला जागा हवी म्हणून कुणीतरी दोन्ही स्पीकर भिंतीला लावून टाकले होते. महिन्याभरानं वहिनींचा फोन आला, "ताई, या रविवारी या. हे असे भिंतीला तोंड लपवून उभे आहेत ते बघवत नाही मला." मी गेले. नानाची चप्पल दाराशी नव्हती. वहिनींनी सतरंजी गुंडाळली. खाली फरशीवर शिंप्याच्या खडूच्या खुणा होत्या. उजव्या स्पीकरची एक खूण. डाव्या स्पीकरच्या दोन, एक मागे, एक चार बोटं पुढे आणि जरा आत वळलेली.

वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सहज विचारलं त्यांनी, "कुठं ठेवू या? तुमच्या जागी का त्यांच्या?"

"माझी जागा कोणती?"

"ही पुढची. तुम्ही यायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मिळून डावा पुढं ओढायचो. तुम्ही बसमध्ये बसलात की परत मागं." मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "ताई... तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी खालीच बसले, फरशीवर. वहिनींनी सांगितलं ते असं. मी खोटं बोलायला लागले त्या पहिल्याच दिवशी नानाला संशय आला होता. चौथ्या-पाचव्या रविवारी त्यानं मुद्दाम उजव्या स्पीकरची तार सैल करून, नुसता डावाच चालू ठेवून, मला विचारलं होतं आवाज कुठे आहे, आणि मी डोळे मिटून ठासून सांगितलं होतं, मधोमध. मला तो रविवार आठवतो. आज आवाज लांबून येतोय असं मनात म्हटलं होतं मी, आणि तरी तोंडानं मधोमध! त्या संध्याकाळी तो जेवला नाही. मग पुढची दोन वर्षं, दर खेपेला, चार बोटं पुढे. ॲम्प्लिफायरला डावं-उजवं कमी-जास्त करायचं बटण होतं, पण फिरवलेलं बटण मला दिसलं असतं. खडूच्या खुणा सतरंजीखाली झाकल्या की चार बोटं कुणाला दिसतात?

"पण मला बोलला का नाही तो?" मी विचारलं. विचारलं कसलं, ओरडलेच.

"मी म्हणायची, सांगा, मशीन तरी घेतील. तर म्हणायचे, आज सांगू, उद्या सांगू. एकदा म्हणाले, तिला कळलं की मला कळलंय, तर लाजेनं ती यायचीच बंद होईल. मग रविवारी मी काय करू?"

काय म्हणावं या माणसाला! मला वाटत होतं तो बोलवणार नाही. त्याला वाटत होतं मी येणार नाही. दोन वर्षं एका खोलीत, सहा फुटांच्या अंतरावर, दोघंही गप्प. डग्गा नि चाट यांच्या सांध्यातला एवढासा फरक ओळखणारा माणूस, आणि बहिणीला एक वाक्य बोलला नाही. आणि मी तरी कुठे बोलले? त्याच्यावर रागावावं तर तो समोर नाही... स्वतःवर रागावते आहे, ते अजून संपलेलं नाही.

"त्यांच्या जागी ठेवू या," मी म्हटलं.

दोघी म्हाताऱ्यांनी मिळून ते धूड ओढलं. वहिनींना सगळं येत होतं; डब्याखाली ओलं फडकं सारून कसं सरकवायचं, कुठे हात लावायचा, कुठे नाही. तबकडीही त्यांनीच लावली. मी खुर्चीत बसले, पण डोळे उघडे ठेवले. गाणं सुरू झालं, आणि बाई उजवीकडे निघून गेली. डावीकडे काही नव्हतं. नाना गेल्यापासून मी रडले नव्हते असं नाही, पण त्या दिवशी जे आलं ते वेगळं होतं. तो एकटा असताना हे गाणं असं लागायचं, त्याच्या खुर्चीसमोर ती बाई नीट मधोमध उभी राहायची, आणि मला ते या जन्मी कळणार नाही.

अर्धी तबकडी झाल्यावर मी मोठ्यानं म्हटलं, "नाना, मना डावा कान गया रे."

डावीकडे दिवाणावर वहिनी बसल्या होत्या. त्यांचे ओठ हललेले मला दिसले. इतकी वर्षं अशा वेळी मी नुसती मान हलवायची, हसायची, काहीतरी ठोकून द्यायची. त्या दिवशी मी खुर्ची फिरवली, उजवा कान त्यांच्याकडे केला आणि म्हटलं, "वहिनी, मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

त्यांनी डोळे पुसले आणि मोठ्यानं सांगितलं, "म्हटलं, पुढच्या रविवारीही याल ना ताई?"