अल हायरचं दक्षिणेकडचं दार

नितीनची बदली शारजाहून अल ऐनला झाली तेव्हा जो तो म्हणाला, "अगं, किती छान, शांत शहर आहे ते!" असेल हो. पण नवरा रविवारी संध्याकाळी बॅग उचलून जाणार आणि शुक्रवारी उगवणार, यात मला तरी काही छान दिसेना. आमची इरा नऊ वर्षांची. तिला बाबा भेटायचा तो मोबाइलच्या चौकटीत. शेवटी मीच जाहीर करून टाकलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तिकडे घर मिळालं तर ठीक, नाहीतर मी आणि इरा नाशिकला, सासूबाईंकडे.

शहरात नको, जवळच्या एखाद्या लहान गावात बघू, हा हट्टही माझाच. शारजात अकराव्या मजल्यावर राहून मला जमिनीवरच्या घराचे डोहाळे लागले होते. सासूबाईंची अट एकच होती: "काहीही घ्या, पण दक्षिणमुखी नको."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी उजाडताच निघालो. तुम्ही जाणार असाल तर एक सांगून ठेवते. दुबईची हद्द संपली की वेगमर्यादेवरची ताशी वीस किलोमीटरची सूटही संपते. पाटीवर आकडा असेल तोच पाळायचा, नाहीतर दंडाचा मेसेज तुमच्या आधी घरी पोचतो. वाटेतल्या टपरीवर कडक चहा आणि अंडा पराठा घेतला, तिघांचे मिळून वीस दिरहॅम, म्हणजे पावणेपाचशे रुपये. हा हिशेब नितीन अजूनही मोठ्यांदा करतो.

आणि मग वाळू. आधी पांढुरकी, मग पिवळी, मग चक्क विटेसारखी लाल! इतकी वर्षं या देशात काढली, पण वाळू म्हणजे बाल्कनीतून झाडून काढायची वस्तू, एवढीच माझी ओळख. एका वळणावर टेकड्यांच्या कडेने उंटांची रांग चालली होती, कोणी हाकत नव्हतं, कसली घाई नव्हती. मी गाडी थांबवायला लावली आणि नुसती बघत उभी राहिले. डोळ्यांत पाणी का आलं, देव जाणे.

वाटेतल्या स्वैहान गावात पहिलं घर पाहिलं. दुकानावरची दोन खोल्यांची जागा, खिडकी उघडली की समोर भिंत. "खलास," नितीन म्हणाला, आणि आम्ही पुढे निघालो.

पुढच्या अल हायर गावात हनीफभाईंचं किराण्याचं दुकान आहे. मूळचे दापोलीचे, नितीनच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचे. आमचं मराठी ऐकून गडी खुलला. "वहिनी, आधी चाय घ्या. घर काय पळून जात नाय!" मग दुकान भावाच्या हवाली करून ते आम्हाला अबू सालेम नावाच्या एका वृद्ध अरब गृहस्थांकडे घेऊन गेले. त्यांच्या व्हिलाच्या आवारातलं मुल्हक, म्हणजे मागचं स्वतंत्र छोटं घर, भाड्याने द्यायचं होतं. तीन खोल्या, अंगण, एक बोरीचं झाड. वर्षाला बत्तीस हजार दिरहॅम, म्हणजे साडेसात लाख. अल ऐनच्या शाळेची बसही गावात येते.

मी मनातल्या मनात तुळस कुठे ठेवायची ते ठरवत होते, तेवढ्यात नितीनने मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. दारात उभा राहून तो गोल गोल फिरायला लागला. अबू सालेमनी ते पाहिलं, त्यांचा चेहरा उजळला, आणि ते लगबगीने आत गेले. बाहेर आले ते नमाजाची चटई घेऊन. ती त्यांनी पश्चिमेकडे तोंड करून स्वतःच्या हाताने अंथरली आणि छातीवर हात ठेवून अदबीने बाजूला झाले.

नितीन घामाघूम! हनीफभाई खो खो हसले आणि त्यांना अरबीत समजावून सांगू लागले, की यांच्यात घराचं तोंड बघतात, दक्षिण चालत नाही, आणि हे दार नेमकं दक्षिणेला. मला वाटलं, आता म्हातारबाबा चिडणार. ते चिडले तर नाहीतच, वाकून त्यांनी बोटाने वाळूत रेघ ओढली.

हनीफभाईंनी सांगितलं, "बाबा म्हणतात, आमच्यातपण बघतात. शमाल वारा तिकडनं येतो, उत्तरेकडनं. म्हणून त्यांच्या वालिदनी दाराची पाठ तिकडं केली. नायतर भाताबरोबर रेती जेवाल."

मग अबू सालेमनी आवाराचं मागचं फाटक उघडलं. बाप रे! फाटकापासूनच लाल टेकड्या सुरू होत होत्या, त्या थेट आभाळाला टेकेपर्यंत. घर नाही, खांब नाही, माणूस नाही. इराने माझा हात घट्ट धरला. "आई, व्हाय इज इट सो क्वाएट? इज समथिंग ब्रोकन?" जन्मापासून एसीच्या घरघरीत वाढलेली पोर, तिने शांतता पहिल्यांदाच ऐकली होती. मी तिला जवळ घेतलं. आम्ही कितीतरी वेळ तशाच उभ्या होतो.

घर पक्कं करायचं तर भाडेकरार सरकारी नोंदणीत घालून घ्या, हनीफभाईंनी बजावलं. पण नितीन "कळवतो" एवढंच म्हणाला. आईचा शब्द त्याने कधी मोडलेला नाही, आणि मी मनातल्या मनात नाशिकची तिकिटं काढलीही होती.

रविवारी दुपारी बॅग भरता भरता त्याने आईला फोन लावला. स्पीकरवर पहिला प्रश्न तोच: "दार कुठल्या दिशेला रे?"

"दक्षिणेला." नितीन म्हणाला. "पण आई, त्या दारातून मी रोज संध्याकाळी घरी येणार आहे."

मी स्वयंपाकघरात, हातात झारा तसाच. मग सासूबाई म्हणाल्या, "मग घे. बोलू नकोस जास्त, घेऊन टाक."

इरा तिच्या खोलीतून बाहेर आली होती. दाराला टेकून तिने विचारलं, "बाबा, रोज म्हणजे एव्हरी डे?"

"एव्हरी डे."

"मंडेला पण?"