अशक्त कॉम्प्युटर आणि पिवळी बादली

आमचा कॉम्प्युटर अशक्त निघाला, आणि बादली मला धरावी लागली.

तोंडवलीत आमच्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. तो कारभार सूनबाई रेश्मा बघते. ज्या म्हाताऱ्या पाहुण्यांना होडीत बसवत नाही, त्यांना पडवीतच समुद्र दाखवायचा, म्हणून तिने डोळ्यांवर बांधायचा व्हीआर चष्मा आणला. (चष्मा कसला, घोड्याची झापडं!) नेमके त्याच दिवशी तिचे वडील, म्हणजे तळेऱ्याचे आमचे व्याही, आलेले.

ह्या व्याह्यांना मी एकदा माझ्या होडीतून फिरवायला नेलं होतं. किनारा सुटतो न सुटतो तोच त्यांना बोट लागली. मी पिवळी बादली पुढे करून म्हटलं, "घट्ट धरा, भरती येताहा!" ही गजाल मी प्रत्येक लग्नात सांगतो, बारशात सांगतो. एकदा तेराव्यालाही सांगितली!

रेश्माने चष्मा कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर लाल चौकट आली.

"मामांनू, हेच्यात लिवलाहा, आपलो कॉम्प्युटर किमान गरजेत बसणा नाय. चित्र अडकतला, बघणाऱ्याक चक्कर येतली."

"आमच्या घरात येवन ह्यो चष्मो आमच्याच वस्तूक कमी म्हणता? मी चौथी शिकलंय. चाळीस वर्सा तांडेल म्हणान होडी चलवली, माका कोणी किमान गरज इचारली?"

अशक्ताला ताकद द्यायची असते, एवढं मला कळतं. दुपारी आमच्याकडे वीज मंदच. मी पंखा बंद केला, पंप बंद केला, चटणी अर्धी असताना मिक्सर बंद केला, शेवटी फ्रिजची पिन उपटली.

"अवो, फ्रिजात बांगडे आसत!" बायको ओरडली.

"बांगडे थांबतले, इज्जत थांबाची नाय!"

तीन तास खटपट केली. लाल चौकट जागची हलेना. तिच्याखाली दोन बटणं होती, डावीकडे 'थांबा' आणि उजवीकडे 'तरीही पुढे चला'. आमच्या गावात कोणतंही काम देवाचा कौल घेऊन करतात. देवाच्या उजवीकडचं फूल पडलं की परवानगी! मी उजवं बटण दाबून ओरडलो, "उजवो कौल मिळालो!"

"फूल देव पाडता," बायको म्हणाली, "बटण तुम्ही दाबलास!"

इतका वेळ चहा पिणारे व्याही आता हळूच म्हणाले, "तांडेलांनू, तुमका बोट लागली, तर माझी ती गजाल परत काढूची नाय. कबूल?"

"माका? लागली तर तुम्ही माझी सांगत फिरा!"

चष्मा चढवला. समोर होडी, भोवती निळंशार पाणी. वा! मी डावीकडे मान वळवली. समुद्र आला नाही! मान सरळ केली, तेव्हा मघाचा डावीकडचा समुद्र आला. वर पाहिलं तर आभाळ अजून वाटेत! मी थांबलो तरी होडी चाले, होडी थांबली तरी माझं पोट चाले. चाळीस वर्षांत असा बेशिस्त समुद्र बघितला नव्हता!

"नांगर टाका! नांगर!" मी ओरडलो आणि हाताला लागलं ते घट्ट धरलं. ती व्याह्यांची मान होती.

"मामांनू, चष्मो काढा!"

"तांडेल होडी सोडणा नाय!"

पण पोटाने होडी सोडली. रेश्माने चष्मा ओढून काढला. सगळी पडवी गोल गोल फिरत होती. फिरत्या पडवीत एकच वस्तू स्थिर दिसली, पिवळी बादली. ती धरून व्याही माझ्यापुढे उभे.

"घट्ट धरा," ते म्हणाले, "भरती येताहा!"

आता लग्नांचा हंगाम आलाय. व्याही मानेवर हात ठेवून गजाल सुरू करतात, आणि मी मुकाट्याने जिलबी खातो. दर मांडवात माझी एक उलटी वाढते. परवा कुणी मला विचारलं, सात कशा झाल्या! म्हणून म्हटलं, आपणच खरं काय ते लिहून ठेवावं. उलटी एकदाच झाली. दुसरी, बायकोने सकाळी फ्रिज उघडल्यावर झाली, ती बांगड्यांच्या खात्यावर!