घोड्यासाठी थंड केलेला चहा

ती गोष्ट आठवली की आजही मला माझीच थोडी लाज वाटते, कारण त्या तपासात माझी हुशारी कामाला आली नाही. कामाला आला तो माझा मत्सर.

महाराष्ट्र पोलिसातून निवृत्त झाल्यावर मी दुबईला मुलाकडे आलो आणि शर्यतीच्या घोड्यांच्या एका तबेल्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. आमचा एक घोडा शर्यत जिंकला, पण नंतर घेतलेल्या नमुन्यात कॅफिन सापडलं. शर्यतीच्या घोड्याला ते वर्ज्य. बातमी फुटली. मुक्या जनावराला नशा देऊन पळवता, बंद करा हा खेळ, असं लोक फोनवर लिहू लागले. घरी नात म्हणाली, "आजोबा, यू वर्क फॉर दीज पीपल?"

संशय गेला घोड्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दारावर. हा कोल्हापूरकडचा, पस्तिशीचा माणूस. घोडा त्याच्याकडे येऊन चारच महिने झाले होते. खुराकाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे, रजिस्टरवर सही त्याची. कबूल कर, नाहीतर व्हिसा रद्द, असं ट्रेनरने त्याला बजावलं. गावी दोन मुलींची शाळा त्याच्या पगारावर चालली होती. तो रडत होता. रडणाऱ्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. पण घोड्याच्या पायाला लेप लावायची वेळ झाली म्हणून हा जबाब अर्धा टाकून उठला, तेव्हा मी बाकीच्यांना बोलवायचं ठरवलं.

त्यात साताऱ्याकडचे एक जुने मोतद्दार होते. त्या घोड्याला त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. त्यांचा गुडघा निकामी झाल्यावर घोडा त्यांच्याकडून काढून या नव्या माणसाला दिला होता. अर्धा तास ते घोड्याबद्दल भरभरून बोलले, पण नव्या मोतद्दाराचं नाव एकदाही घेतलं नाही. नुसतं 'तो', 'आत्ताचा माणूस'. माझे कान टवकारले. माझ्या जागी आलेल्या इन्स्पेक्टरचं नाव मीही कधी घेत नसे. जुन्या ठाण्याला फोन करून 'तो काय करतोय' विचारायचो, आणि तो चुकला असं कळलं की त्या दिवशी दोन घास जास्त जात.

मी तबेल्याजवळच्या कॅफेटेरियात गेलो. तिथला केरळी मालक सहज म्हणाला, "वो सातारावाला चाचा रोज दोपहर को दो करक चाय लेता है. एक ठंडा करके." दुपारच्या उन्हात सगळे खोल्यांत झोपतात, घोड्यांजवळ कुणी नसतं; आणि कॅफिन चहातही असतं. मी परत त्या जुन्या मोतद्दारांना समोर बसवलं आणि दुसरा चहा कुणासाठी, एवढंच विचारलं.

"दवा न्हाई दिली साहेब. निस्ता चहा. लहानपणापासनं माझ्या कपातला घोट त्याला आवडतो. माझ्याकडं होता तवा शर्यत आली की मी बंद करायचो. पर आता घोडा त्या आत्ताच्या माणसाला बघून खिंकाळतो, माझ्याकडं मान बी वळवत न्हाई. मला बघवंना, म्हणून शर्यत असूनबी पाजला."

"आणि तीन दिवस त्या माणसाला रडताना बघत गप्प बसलात?"

ते गुडघा चोळू लागले. "वाटलं, जाईल एकदाचा."

त्यांच्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. मी जबाब लिहून सही घेतली. घोड्याचा विजय रद्द झाला, नव्या मोतद्दाराची नोकरी टिकली आणि जुन्या मोतद्दारांना गावी परत पाठवायचं ठरलं. घोड्याचं वाईट चिंतणाऱ्यावर नजर ठेवणं सोपं असतं. जीव लावणाऱ्यावरही ती ठेवावी लागते, हे मी या केसमध्ये शिकलो आणि नातीलाही तेच सांगितलं.

निघताना त्यांनी एकदा घोडा बघू देण्याची विनंती केली. मी सोबत गेलो. त्यांनी त्याच्या मानेवर हात फिरवला. घोडा त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, पाण्याची बादली घेऊन येणाऱ्या नव्या मोतद्दाराकडे बघत होता.

"वळखलं न्हवं साहेब, त्यानं मला?"

"ओळखलं," मी म्हणालो. सबंध नोकरीत मी शेकडो खोटे जबाब ऐकले. हा एक मी स्वतः दिला.