अनुक्रमणिकेत न आलेली वस्ती

"हे तुझ्या बापाचं गाव हाय का गं?"

छापलेला अहवाल साहेबांनी माझ्या टेबलावर आपटला. चहाचा कप कलंडला, गरम चहा मांडीवर सांडला. सगळं ऑफिस हसलं.

माजलगावातल्या त्या ऑफिसात गावांच्या पाणी योजनांचे अहवाल तयार व्हायचे. मजकूर इंजिनिअर साहेबांचा. टायपिंग आणि मथळ्यांच्या पातळ्या लावणं, म्हणजे कुठला मथळा वरचा आणि कुठला त्याच्या पोटातला ते कॉम्प्युटरवर ठरवणं, माझं काम. पातळ्या चार. अनुक्रमणिकेत मात्र वरच्या तीनच यायच्या. मंजुरी देणारे अनुक्रमणिकेच्या पुढं पान उलटत नसत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

या वेळचा अहवाल माझ्याच गावाचा. पाटील गल्ली पहिल्या पातळीवर. जनावरांचा हौद दुसऱ्या. आमची वस्ती चौथ्या पातळीवर, 'इतर'च्या खाली. मागच्या योजनेतही तिथंच होती. पाइप वेशीपर्यंत आला आणि थांबला. ऊसतोडीहून परतली की माझी आई आजही पाटलांच्या विहिरीपाशी खाली बसते. कुणाला दया आली तर वरून तिच्या घागरीत ओततात.

म्हणून मी वस्तीचा मथळा पहिल्या पातळीवर नेला. कुणाला विचारलं नाही.

"हौदाच्या वर बसवलीस व्हय वस्ती?" साहेब म्हणाले. "जनावरं तरी दूध देतात. तुमी काय देता? चल, कर खाली. माझ्यासमोर कर."

शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "कर की गं. नोकरी जाईल."

माझा हात माऊसवर होता. मला आईची घागर दिसत होती. मी हात काढून घेतला.

"न्हाई करत."

साहेबांनी खुर्चीसकट मला बाजूला ढकललं. स्वतः मथळा खाली नेला. वस्ती अनुक्रमणिकेतून गेली.

"बघ, किती सोपं हाय," ते म्हणाले. "आता चहा पूस आन् नीघ."

मी चहा पुसला नाही. टेबलावरचा, वस्ती पहिल्या पातळीवर असलेला छापील अहवाल उचलला आणि निघाले.

ग्रामसभेत ही योजना मांडतील तेव्हा मी पुढं बसणार आहे. त्यांची अनुक्रमणिका वाचून झाली की मी उठणार. त्यांनी चौथ्या पातळीवर ढकललेली वस्ती मोठ्यानं वाचणार. हाताला धरून बाहेर काढलं, तर दारातून वाचणार. वस्तीत नळ येईपर्यंत त्या गावात एकही ठराव मी सुखानं होऊ देणार नाही.