माप आमच्या दाराचं

तोरणाचं माप घेताना टेपचं दुसरं टोक माझ्या धाकट्या भावानं धरलं होतं. स्टुलावर चढून त्यानं दाराच्या चौकटीला टेप टेकवला आणि तिथूनच ओरडला, "तायडे, बघ की लवकर, हात भरून आला. एवढं कॉलेज केलंस अन आकडा वाचता येईना व्हय?" मी त्याच्या पोटरीवर चापट मारली. हे चैत्रातलं. वैशाखात तो पौड रस्त्यावर डंपरखाली गेला.

मी क्रॉस स्टिच करते. आधी चौकटींच्या कागदावर नक्षी काढायची, मग मॅटीच्या कापडावर एका चौकटीला एक अशा फुल्या घालत ती भरायची. मावसबहिणीच्या रुखवताला हात लावता लावता शिकले. आमच्या घरात कॉलेज केलेली पहिली मी. बी.कॉम. झाले, कासार आंबोलीत एका ऑफिसात हिशेब बघते. ते मी कुणालाही मान वर करून सांगते. त्या साली पुण्याच्या एका मासिकानं माझी नक्षी दिवाळी अंकासाठी घेतली. भाताच्या लोंब्यांचं तोरण, मध्ये पणत्या. मासिकवाल्यांची दिवाळी उन्हाळ्यातच सुरू होते. नमुना भरून, त्याचा फोटो काढून आषाढ संपायच्या आत पाठवायचा होता.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि थोड्या दिवसांनी मी भरतकामाची रिंग हातात घेतली. हात रिकामे राहिले की डंपर दिसायचा, म्हणून घेतली. आणि छापून यायला हवं होतं, म्हणूनही घेतली. दोन्ही खरं आहे.

रिंगमध्ये मॅटी ताणून बसवली की सुई आत जाताना टप्प असा आवाज होतो. एरवी तो कुणाला ऐकूही येत नाही. त्या दिवसांत आमच्या घरात तेवढा एकच आवाज होता. वडील शेतातल्या खोपीत झोपायला लागले होते.

आई स्वयंपाकघरातून आली. "काय चाललंय?"

"तोरण आहे. दिवाळी अंकाचं."

"आपल्यात यंदा दिवाळी न्हाई."

"आपल्यासाठी नाही गं. छापायला द्यायचंय."

"कुनाचं का असंना. भरायचं तर मागं पडवीत बसून भर. उंबऱ्याच्या आत नको."

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण होत नाही. दाराला तोरण लागत नाही, दिवाळीला कढई चढत नाही. हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मला वाटलं होतं, आईला माझ्यासाठी एवढं एक बाजूला ठेवता येईल. मी पडवीत बसले. बायका भाताच्या आवणीला जाताना कुडावरून डोकावायच्या आणि लगेच मान फिरवायच्या.

तोरण भरून झालं आणि मासिकातल्या बाईंचा फोन आला. फोटो खऱ्या दारावरचाच हवा. गावाकडची लाकडी चौकट असेल तर फारच छान. त्यांचा काही दोष नाही. मी त्यांना घरचं काही सांगितलंच नव्हतं.

मी आईला म्हटलं, "पाच मिनिटं लावते. फोटो काढते, लगेच उतरवते."

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं तिनं. "दाराचे खिळे कुनी मारल्यात?"

दर दसऱ्याला भाऊच खिळे मारायचा, एखादा वाकडा जायचा आणि तो शिव्या घालायचा.

"त्याचं दुसरं काय करू मी आता?" आई म्हणाली. "डबा भरायचा ऱ्हायला न्हाई. वाट बघायची ऱ्हायली न्हाई. वर्ष पाळायचं तेवढं हातात हाय. ते तरी नीट करू दे मला."

मी तोरण घेऊन समोर चुलतीकडं गेले. तिची चौकट आमच्यापेक्षा रुंद, पण चालली असती.

"पोरी, राग मानू नको," चुलती दारातच उभी राहून म्हणाली. आत ये म्हणाली नाही. "कापड चांगलंय, न्हाई कोन म्हनतंय? पन दुःखाच्या घरात बसून भरलंयस तू. माझ्या सुनंला सातवा लागलाय."

शेवटी ऑफिसशेजारच्या एका बंगल्यावर गेले. मालक मुंबईला असतात, वर्षातून चार दिवस येतात. वॉचमन बिहारचा, रोज नमस्कार घालणारा. त्यानं कुलूप काही उघडलं नाही, पण दाराशी उभं राहू दिलं. "दीदी, कील मत ठोकना. कॅमेरे में साहब देखते हैं."

मी चिकटपट्टीनं तोरण लावलं. दार एवढं मोठं की तोरण दोन्हीकडून वीतभर कमी पडलं. आमच्या दाराचं माप होतं ते. मी जवळ जाऊन फोटो काढला, म्हणजे कडा दिसायला नकोत.

"घर में शादी है क्या?" वॉचमननं हसून विचारलं.

"नाही," म्हटलं.

त्या सगळ्या पट्ट्यात कुणी गेलेलं नाही आणि कुणी जन्माला यायचंही नाही, असं ते एकच दार मला सापडलं होतं.

अंक आला. माझी नक्षी पानभर छापली होती. नावापुढं बी.कॉम. लिहा असं मी मुद्दाम कळवलं होतं, ते मात्र लिहिलं नव्हतं. आईनं पान पाहिलं. "दार कुनाचं हे?" मी सांगितलं. तिनं अंक मिटून माझ्या हातात दिला.

दिवाळीत चुलती फराळाचा डबा घेऊन आली; त्यांची चूल वेगळी, म्हणून त्यांच्याकडं सण होता. तिच्या लेकीनं अंकातली नक्षी बघून तेच तोरण भरलं होतं आणि आमच्या समोरच ते त्यांच्या दारावर झुलत होतं. "तुझंच बघून केलंय हां," चुलती कौतुकानं म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आई ओट्यावर बसून बराच वेळ त्या दाराकडं बघत राहिली. डबा तसाच राहिला. करंज्या मऊ पडल्यावर वडिलांनी बैलांपुढं ठेवल्या.

वैशाखात वर्षश्राद्ध झालं. माणसं जेवून उठली. जाता जाता चुलती आईला म्हणाली, "झालं बाई, फिटलं वर्ष. आता दाराला कायतरी लावा. भुंडं दिसतंय."

सगळे गेल्यावर आईनं माझ्या ट्रंकेतून तोरण काढलं. मी काढायला सांगितलं नव्हतं. फोटो काढून आणल्यापासून ते तसंच गुंडाळून ठेवलं होतं, कडेला चिकटपट्टीचा डिंक होता आणि त्यावर धूळ बसली होती. ती तिनं नखानं खरवडली. स्टूल ओढलं आणि स्वतः चढली. मला टोकसुद्धा धरू दिलं नाही. एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत ते तंतोतंत बसलं. कुठं ढिलं नाही, कुठं ओढलेलं नाही.

आई खाली उतरून बघत उभी राहिली. "बराबर बसलं," म्हणाली. "मापाला दोघं होता ना तुमी."

मग ती आत गेली आणि भर दुपारी भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. चहा नेला, उठली नाही. दिवेलागण झाली तरी उठली नाही. वर्ष पाळायचं काम होतं तिला. ते संपलं होतं.

मी ओट्यावर बसून राहिले. रस्त्यानं एक ओळखीची बाई चालली होती. ती थांबली आणि दाराकडं बघून म्हणाली, "काय गं, दिवाळीचं तोरण आन वैशाखात?"

"आम्ही माप बघत होतो," मी म्हटलं.