पहिल्या आठ ओळी

एकतीस मे रोजी आलेली जूनची एकही ऑर्डर जूनमध्ये नव्हती. सगळ्या जुलैत जाऊन बसल्या होत्या. हे आम्हाला कळलं तेव्हा जूनचे चार दिवस उलटले होते. पेरणी झाल्यावर बियाणं पोचलं तर ते कुणाच्याच कामाचं नसतं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी आणि माझी मैत्रीण औरंगाबादला एकत्र शिकलो आणि जालन्यात कापडाच्या दुकानावरची एक खोली घेऊन वेबसाइट बनवायला लागलो. ती परतूरची, रोज सकाळच्या गाडीने यायची. मी राजूरजवळची, वडील शाळामास्तर. दोन कॉम्प्युटर, एक फोन आणि त्या फोनवरूनच चालणारं इंटरनेट. कुणी फोन केला की इंटरनेट तुटायचं.

एमआयडीसीतल्या एका बियाणे कारखान्याचं काम आम्हाला मिळालं होतं. गावोगावच्या दुकानदारांनी इंटरनेटवरून ऑर्डर नोंदवायची. माल कधी हवा ती तारीख पडद्यावरच्या एका छोट्या कॅलेंडरवर टिचकी मारून निवडायची. ते कॅलेंडर मात्र आम्ही लिहिलेलं नव्हतं. इंटरनेटवर फुकट मिळालं होतं, तेच बसवलं होतं. तेव्हा सगळेच असं करत.

कारखान्याचे मालक भोकरदनकडचे शेतकरी घराण्यातले, साठीच्या आसपासचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. फोन त्यांनी स्वतः केला.

"ताई, तुमचं मशीन दुकानदारांना पुढच्या महिन्यात ढकलून राह्यलंय. जल्दी या."

आम्ही स्कूटीवर गेलो. गोडाऊनच्या कारकुनाने यादी पुढे ठेवली. मी त्याच्याच कॉम्प्युटरवर बसून दहा जून निवडली. दहा जूनच आली. पुन्हा निवडली. पुन्हा बरोबर. काका मागे उभे होते.

"आत्ता तर बराबर हाय," ते म्हणाले. "मंग त्या दिवशी सतरा दुकानदार एकदम खोटं बोलले का?"

चूक डोळ्यांसमोर असती तर धीर आला असता. ती दिसतच नव्हती. एप्रिलमध्ये काम सुरू झाल्यापासून फक्त एका दिवसाच्या ऑर्डरी चुकल्या होत्या, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या ठीक होत्या. मैत्रिणीने त्या सतरा दुकानदारांची यादी घेतली आणि कारकुनाबरोबर बसून प्रत्येकाला फोन लावले. संध्याकाळपर्यंत तारखा दुरुस्त झाल्या, गाड्यांचं वेळापत्रक नव्याने लागलं. माल वेळेत जाणार होता. पण चूक का झाली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आम्ही निघताना काकांनी तेवढंच विचारलं, "पुन्हा न्हाई होणार, हे कशावरून?"

इंटरनेटवर आमच्यासारख्यांचा एक अड्डा होता. अडलं की तिथे प्रश्न टाकायचा, जगातलं कुणीतरी उत्तर द्यायचं. खोलीवर परत आल्यावर मी कॅलेंडरचा सगळा कोड तिथे चिकटवला आणि खाली लिहिलं: एका दिवशी तारखा महिनाभर पुढे गेल्या, दुसऱ्या दिवसापासून ठीक, कारण सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडून इंटरनेट जोडलं तेव्हा उत्तर आलेलं होतं. मैत्रीण अजून गाडीत होती. मी एकटीनेच वाचलं.

पहिल्या परिच्छेदात चूक सोडवलेली होती. कॅलेंडर आजच्या तारखेपासून सुरू व्हायचं. त्या दिवशी आज म्हणजे एकतीस. मग ते महिना बदलून जून करायचं. एकतीस जून असा दिवसच नाही, म्हणून कॉम्प्युटर आपला आपण एक दिवस पुढे सरकून एक जुलै धरायचा. त्यानंतर दहा तारीख घातली की दहा जुलै. एप्रिल तर तीसचाच, त्यामुळे तोवर काही दिसलं नव्हतं. उपाय एका ओळीचा होता: आधी तारीख एक करा, मग महिना बदला.

मी खुर्चीत मागे टेकले. इतकी साधी चूक, आणि ती आमची नव्हती. खूप हलकं वाटलं. मग मी पुढचा परिच्छेद वाचला.

"ही चूक माझी आहे, कारण हा कोड मी लिहिला आहे. क्षमस्व. त्यात जागोजागी येणारा जो शब्द तुम्हाला तांत्रिक वाटला असेल, ते माझ्या मांजरीचं नाव आहे. पण माझ्या फाइलच्या सुरुवातीला आठ ओळी होत्या. त्यांत माझं नाव होतं आणि वापराच्या अटी होत्या. त्या ओळी कुठे गेल्या?"

माझे कान गरम झाले. तो शब्द मी खरंच तांत्रिक समजले होते, एकदा त्याचा अर्थही शोधला होता. आणि आता तो माणूस, कुठल्या देशात बसलेला कोण जाणे, शेकडो लोकांसमोर मला विचारत होता. विचारण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उलट लिहिता आलं असतं.

मूळ फाइल त्याच्या साइटवर होती. मी ती उतरवून घेतली. आठ ओळी तिथे होत्या. वापरा, बदला, विका, हरकत नाही. फक्त माझं नाव आणि या अटी काढू नका, आणि बदल केलेत तर तेही पुढच्याला याच अटींवर मोकळे द्या. एवढंच मागणं. आम्ही तेवढंही ठेवलं नव्हतं.

मैत्रीण जिना चढून आली तेव्हा मी तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"कॅलेंडर तू बसवलंस. वरचं नाव काय म्हणून काढलंस?"

तिने पडद्यावरचं वाचलं. सावकाश, दोनदा. मग म्हणाली, "मी न्हाई काढलं."

"मग कुणी? आपण दोघीच तर आहोत."

"तेच म्हणते मी. दोघीच आहोत."

मला तिचा तो थंड सूर सहन झाला नाही. मी बरंच बोलले. तुला घाई असते, गाडीची वेळ झाली की कसंही संपवून उठतेस, वाचत नाहीस. माझं संपल्यावर तिने कपाटातून सीडींचा डबा काढला. दर आठवड्याला कामाची एक प्रत सीडीवर उतरवायची सवय तिची होती, माझी नव्हती. तिने एकेक सीडी घालून तीच फाइल उघडली. एकीत आठ ओळी होत्या. पुढच्या सीडीत नव्हत्या. फाइल कोणत्या दिवशी बदलली ते कॉम्प्युटर दाखवत होता.

"हा दिवस बघ," ती म्हणाली. "त्या दिवशी मी परतूरला होते. भावाचा साखरपुडा होता. तू आल्ती ना दुपारनंतर, जेवायला? सकाळी काय करत होतीस?"

मी ती तारीख बघत राहिले. मग हळूहळू सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी काकांना काम दाखवायचं होतं. कॅलेंडरच्या तळाशी बारीक अक्षरांत त्या माणसाचं नाव दिसत होतं. काका विचारतील, हे कोण, मग तुम्ही काय केलं, असं मला वाटलं होतं. मी तळाचं नाव काढलं, आणि हात फिरलाच होता तर वरच्या ओळीही निवडून पुसल्या. अर्धं मिनिटही लागलं नसेल. नंतर साडी बदलून मी साखरपुड्याला गेले आणि ते साफ विसरले. इतकं विसरले, की दुसरीवर आरोप करताना माझा आवाज जराही कापला नव्हता. पुसण्यापेक्षा मला याचाच जास्त धक्का बसला. मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखर तिच्याकडूनच झालं असं वाटत होतं.

मी माफी मागितली. तिने सीडी डब्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि म्हणाली, "काकांना सांगावं लागेल."

"कशाला? ओळी परत टाकू. त्यांना काय कळणार?"

"म्हणूनच."

आधी आम्ही चूक दुरुस्त केली, कॉम्प्युटरचं घड्याळ एकतीस मेवर नेऊन तपासलं, आणि मग एमआयडीसीत गेलो. मीच सांगितलं. फक्त ‘आम्ही ओळी पुसल्या’ असं म्हटलं. कोड म्हणजे काय, लायसन्स म्हणजे काय, हे त्यांना समजावायचं मी रस्ताभर मनात जुळवत आले होते. त्याची गरज पडली नाही. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि कापसाच्या बियाण्याची दोन पाकिटं घेऊन आले. दोन्हींवर त्यांच्याच कारखान्याचं नाव, तेच चित्र, तोच लॉट नंबर.

"यातलं एक माझं हाय. दुसरं एका बाजारात पकडलं. सांगा कोणतं?"

आम्हाला सांगता आलं नाही.

"माझ्या पोरालाबी न्हाई सांगता आलं," ते म्हणाले. "या एकात माल कोणाचा, देव जाणे. नाव माझं. तुम्ही त्याच्या उलटं केलं. माल त्या कॅलेंडरवाल्याचा, नाव तुमचं." ते पाकिटांकडे बघत होते, आमच्याकडे नाही. "दोन साल झाले, मी असल्या लोकायला शोधून राह्यलो. आन् माझ्याच ऑफिसात..."

कारकून टाइप करायचा थांबला होता. मैत्रीण माझ्या शेजारी ताठ बसली होती. हे आम्ही दोघींनी केलं असंच तिने काकांना वाटू दिलं, मी एकटीने केलं हे तिने तिथे सांगितलं नाही. मग मीच सांगितलं.

"तो माणूस काय मागतो?" काकांनी विचारलं.

"नाव आणि अटी परत लावा म्हणतो."

"आन्?"

"एवढंच."

त्यांना पटत नव्हतं. "बस? नावच?" मग पाकिटं उचलून म्हणाले, "लावा. आजच लावा. मला दिसंल असं लावा."

त्याच दिवशी लावलं. अड्ड्यावर मी सगळ्यांसमोर कबूल केलं की ओळी मी पुसल्या होत्या. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: आभार, आणि तुमची तारीख आता बरोबर येते ना?

काकांनी आमचं काम बंद केलं नाही, पण कारखान्याचं पुढचं काम औरंगाबादच्या एका कंपनीला दिलं. कारण विचारायला आम्ही गेलो नाही. मैत्रीण महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. एका रविवारी मी गाडीने परतूरला तिच्या घरी गेले. तिच्या आईने पिठलं-भाकरी वाढली. जेवताना मैत्रीण म्हणाली, त्या कॅलेंडरमध्ये मी महिन्यांची नावं मराठीत घातलीत, अटीप्रमाणे ती त्याला पाठवायला हवीत. मी म्हटलं, पाठव.

त्या माणसाने ती घेतली. काही महिन्यांनी कॅलेंडरची नवी आवृत्ती आली. तिच्या सुरुवातीला, अटींच्या खाली, मदत करणाऱ्यांची यादी होती आणि त्यात परतूरच्या या मुलीचं नाव होतं. तिने मला बोलावून दाखवलं. मला आनंद झाला, खरंच झाला. माझं नाव मी त्या यादीत शोधलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. पण ती पाणी आणायला उठली तेव्हा मी शोधलं होतं, दोनदा.