माझ्या वाट्याचे बांगडे

माझं आणि माझ्या हातांचं सकाळी साडेनऊपर्यंत पटत नाही. आमवाताला आता सहा वर्षं झाली. रात्री मिटलेली बोटं सकाळी उघडत नाहीत, आणि चुकून काही पकडलंच तर ते सोडत नाहीत. (एकदा दाराची कडी धरून पाऊण तास उभी होते. दूधवाल्याला वाटलं, बाई आपलीच वाट बघतायत.)

यावर आमच्या ह्यांनी उपाय काढला, तो म्हणजे मला काहीच करू द्यायचं नाही. हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर ह्यांच्या गाडीत मी एकटीच प्रवासी उरले. भाजी हे चिरणार, कपडे हे पिळणार. मी पाण्याचा तांब्या उचलला तरी आतून आवाज येणार, "ठेव गो तो, मी आसंय मां." प्रेम आहे, कळतं. पण तीस वर्षं शाळेत बाई म्हणून राबलेलीला नुसतं बसवून ठेवलं, की आपण कुंडीतलं झाड झालो असं वाटायला लागतं. मला फार वाईट वाटायचं.

त्या दिवशी सकाळी ह्यांनी मला किनाऱ्यावर फिरायला नेलं आणि वर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या कडेला टेकवलं. "हंय बस. हलू नको. मी चाय घेवन येतंय."

समुद्राला अजून नीट जाग आली नव्हती. पाणी आणि आभाळ एकाच फिकट रंगाचं, मध्ये रेघसुद्धा नाही. समोर रापण ओढणं चाललं होतं. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकलं की त्याचे दोन लांब दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. पाण्याजवळ दोर धरायचा, मागे मागे सरकत माडांपर्यंत यायचं, तिथे सोडायचा आणि पुन्हा पाण्याकडे जायचं. कोणी फारसं बोलत नव्हतं. ती संथ ये-जा बघता बघता माझे डोळे जड झाले, आणि त्या गुंगीतच मी उठायला आधार म्हणून जवळून जाणारा दोर धरला.

धरला, तो धरलाच.

दोर निघाला माडांकडे, मीही निघाले. ओरडायला हवं होतं, पण खरं सांगते, मला इतकं छान वाटत होतं! पायाखाली थंड रेती, पुढेमागे माणसं, हातात ओला दोर, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मी कुठल्यातरी कामात. झोपेत चालल्यासारखी मी चालत राहिले.

माडाशी जाग आली. तिथे दोर गुंडाळणारा म्हातारा म्हणाला, "बाई, सोडा आता."

"सुटत नाय."

"सोडा, बाई. मागची माणसां येतत."

"अहो, खरंच सुटत नाय."

त्याला वाटलं, बाईंना वाटा हवाय. (रापणीच्या दोराला ज्याचा हात लागला, त्याला मासळीचा वाटा मिळतो, असा इथला रिवाज.) "गावतलो वाटो, पण दोर सोडा," तो लहान पोराला समजवावं तसा म्हणाला.

तेवढ्यात हे चहाचे दोन कप घेऊन आले. पाहतात तर आपली बायको माडाशी दोराला चिकटलेली! ह्यांनी कप आधी रेतीत नीट ठेवले (धावत्या गाडीत तिकिटं फाडलेला माणूस, थेंब सांडला नाही), मग मला कमरेला धरलं आणि समुद्राकडे ओढायला सुरुवात केली. रापण जागच्या जागी थांबली.

"कोण रे तो उलटो ओढता?" पाण्यातून विचारणा झाली.

विचारणारा इनास, रापणीचा तांडेल, म्हणजे मुख्य. कधीकाळी चौथीत माझ्याच वर्गात होता. तो वर आला, माझ्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाला, "माझ्या आवशीचे हात अशेच होते." मग ह्यांचा कप उचलून त्यातला ऊन चहा त्याने माझ्या बोटांवर हळूहळू ओतला. एकेक बोट सुटलं.

जाळं किनाऱ्याला लागलं, वाटे झाले. इनासने माझ्यापुढे नऊ बांगडे ठेवले. "ह्यो बाईंचो वाटो."

"आणि माझो?" ह्यांनी विचारलं.

"तुमी उलटे ओढलात."

ते नऊ बांगडे बघून मला रडूच आलं. ह्यांनी ते पाहिलं. बांगडे उचलायला पुढे केलेला हात मागे घेतला आणि म्हणाले, "तूच घे गो. तुझी कमाय."

"उद्या येवा, बाई," निघताना इनास म्हणाला. "दोर असो घट्ट धरणारो माणूस माका गावना नाय."

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच तयार. आणि बघते तर काय, बोटं उघडी! सहा वर्षं देवाकडे जे मागत होते, ते त्याने नेमकं त्याच दिवशी दिलं. तरी गेले, रांगेत उभी राहिले, जीव खाऊन दोर ओढला. तो हातातून सुळकन निसटला आणि मी मागच्या दोघांना घेऊन रेतीत बसले.

इनासने पाण्यातून वर बघितलं. "बाई, कालचे हात खंय ठेवलात?"

त्या दिवशी माझ्या वाट्याला दोन बांगडे आले. दोन्ही लहान.